ताट एकच, मग बीपी एकीलाच का?

सासू-सून एकाच पातेल्यातली आमटी खातात, मग बीपी सासूलाच का? बीपीची गोळी चालू असलेल्या घरात हा प्रश्न निघतोच. वय हे एक कारण आहे, पण सगळं काही वयावर ढकलता येत नाही.

अमेरिकेत लुईस डाल या संशोधकाने १९६२ साली उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं, की तेवढंच खारट खाणं देऊनही काहींचा रक्तदाब चढतो, काहींचा नाही, आणि हा फरक पिढीतून उतरतो. माणसांतही तसंच आहे. वय वाढलं, मधुमेह किंवा किडनीचा आजार असला की मीठ जास्त बाधतं.

मीठ बाहेर टाकायचं काम किडनीचं. पण तिला हुकूम मेंदूकडूनही जातो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. मेंदूभोवतीच्या द्रवात सोडियम वाढलं की तो ओळखतो. ज्यांना मीठ सोसतं त्यांचा मेंदू नसांचा जोर कमी करतो, आणि किडनी जादा मीठ लघवीतून काढून टाकते. ज्यांना सोसत नाही त्यांच्या मेंदूत उलट अँजिओटेन्सिनसारखी रसायनं जोर करतात. नसांच्या टोकांना नॉरॲड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि किडनी मीठ धरून ठेवते. म्हणजे मीठ वाढलेलं असताना ते साठवायचाच हुकूम! यात बाईचा हट्ट किंवा चिडका स्वभाव कुठे आला? पण घरात बोल तिलाच लागतात.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळं आलं. आपण हिशोब करू. पाच मोठी माणसं असतील तर एक किलोची पिशवी निदान ४० दिवस पुरायला हवी. पापड, लोणचं, फरसाण, पाव यांतलं मीठ वेगळं, म्हणून खरं तर त्याहून जास्त. आपल्या घरी किती दिवसांत संपते, पिशवीवर तारीख लिहून बघा.

चान्या, सुकट, सुके बोंबील सोडा असं आम्ही म्हणणार नाही. गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेकून द्या, आणि कालवणात मीठ चव बघूनच घाला. सैंधव महाग असलं तरी त्यातही सोडियमच असतं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. आणि मीठ कमी केलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका.