आगेरा : शेत हरपलेल्या गावांचा सुगीचा सण

मुंबई, ठाणे व वसई या परिसरातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाज ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ हा सुगीचा सण साजरा करतो. भाताच्या पहिल्या लोंब्या विळ्याने कापून वाजतगाजत चर्चमध्ये नेणे, धर्मगुरूंनी त्यांवर आशीर्वाद मागणे व मिस्सानंतर त्या घरोघरी वाटणे, हे या सणाचे मूळ रूप होय. ज्या गावठाणांभोवती आता शेतच उरलेले नाही, तेथेही हा सण का टिकून आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

1534 च्या वसईच्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि पुढील काळात येथील कुणबी, कोळी, भंडारी, ब्राह्मण अशा विविध जातींतील कुटुंबे ख्रिस्ती झाली. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई व साष्टी घेतल्यानंतरही हा समाज आपल्या गावांत, आपल्या मराठी बोलीसह राहिला. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मात्र 1887 चे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी गोवा व मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या कॅथलिकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी ते स्वीकारले गेले. पश्चिम किनाऱ्यावरील भूमिपुत्रांनी ‘पूर्व’ हे विशेषण धारण करावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

आगेऱ्याला कोणा संताच्या स्मृतिदिनाचा आधार नाही, ही बाब लक्षणीय आहे. गोव्यात राय येथे 5 ऑगस्टला, तर मंगळुरी कॅथलिकांत 8 सप्टेंबरला, म्हणजे मरियेच्या जन्मदिनी, नव्या कणसांचा सण होतो. उत्तर कोकणात हळवे भात कापणीस येते ते सप्टेंबरअखेर वा त्यानंतर. याच सुमारास शेजारच्या हिंदू घरांच्या दारांवर लोंब्यांचे ‘नवे’ बांधले जाते आणि आश्विनातील नवान्न पौर्णिमा येते. धर्मांतराने देव्हारा बदलला, परंतु खाचर तेच राहिले. ‘आगेरा’ हा शब्द ‘शेत’ या अर्थाच्या लॅटिन ‘आगेर’वरून आल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. किनाऱ्यावरच्या मराठी माणसाला येथे ‘आगर’ व ‘मिठागर’ आठवल्यावाचून राहत नाही. पण केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारण्याचा मोह अभ्यासकाने आवरलेला बरा.

लोहमार्ग, विमानतळ, नगररचना योजना व औद्योगिक वसाहती यांनी विसाव्या शतकात साष्टीतील भातखाचरे गिळंकृत केली. बांद्रा, कुर्ला, मरोळ, सहार ही मुळातली गावे. आज ती उंच इमारतींच्या बेचक्यात अडकलेली गावठाणे आहेत. तेथे मिरवणुकीसाठी लागणारी भाताची पेंढी बाहेरगावाहून आणावी लागते. स्त्रिया कपाटातले लुगडे काढून नेसतात, बँड वाजतो, क्वचित बैलगाडीही आणली जाते. हे सारे दिखाऊ आहे, अशी टीका होऊ शकते. प्रस्तुत लेखिकेला ती अपुरी वाटते. ज्या समाजाकडे जमिनीचा सातबारा उरला नाही, त्याला ‘आम्ही येथले शेतकरी होतो’ हे सार्वजनिक रस्त्यावर सांगण्याची संधी वर्षातून एकदा हा सणच देतो. गावठाणांच्या सीमांकनाचा व पुनर्विकासाचा प्रश्न ऐरणीवर असताना या विधानाला केवळ स्मरणरंजन म्हणता येणार नाही.

अर्थात, येथेच एक पेचही आहे. आज एकाच धर्मग्रामात गोमंतकीय, मंगळुरी, तमिळ, मल्याळी कॅथलिक एकत्र असतात व उपासना बहुधा इंग्रजीत चालते. आगेरा सर्व धर्मग्रामाचा केला, तर तो सर्वसामान्य कृतज्ञता-दिन होतो आणि मराठी बोलीतील गाणी मागे पडतात. तो केवळ ईस्ट इंडियनांचा ठेवला, तर शेजारी प्रेक्षक बनतात. पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण ज्याचे शिवार त्याचाच सण होता आणि शिवार सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. आता लोंबी कोणाच्या हाती द्यावयाची, हे प्रत्येक गावठाणाला दरवर्षी चर्चच्या दारात ठरवावे लागते. वसईतील ज्या भागांत अद्याप भात पिकते, तेथे मात्र विळा खऱ्या शेतातच चालतो आणि कापणाऱ्याचे पाय चिखलातच असतात.