प्रमाणपत्र मिळाले, पुढे काय?

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आईवडील जिल्हा रुग्णालयात चार-चार चकरा मारतात. प्रमाणपत्र मिळते. त्याच्या आधारे एस.टी.ची सवलत मिळते, पेन्शनचा अर्ज करता येतो. हे सर्व आवश्यकच आहे. पण पंचवीस वर्षांच्या त्या मुलाचा किंवा मुलीचा दिवस कसा जातो, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच येते, "घरीच असतो, डॉक्टर."

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. म्हणजे खरी संख्या याहून मोठीच असणार. मग ही माणसे आपल्याला बाजारात, वाचनालयात, लग्नकार्यात का दिसत नाहीत?

घरात बसण्याचे आजार

वर्षानुवर्षे एका जागी बसून राहिल्याने वजन वाढते, बद्धकोष्ठ होते, सांधे आखडतात. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या पाठीला व माकडहाडापाशी जखमा होतात. ऊन न मिळाल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते. बोलायला कोणी नसल्याने चिडचिड व उदासीनता येते आणि घरचे म्हणतात, "त्याचा स्वभावच तसा आहे." उचल-ठेव करणाऱ्या आईची कंबर जाते ती वेगळीच. या तक्रारींवर औषधे आहेत, परंतु त्यांचे एक मोठे कारण घराच्या चार भिंती हे आहे आणि त्यावर गोळी नाही.

उपाय आहे तो गावाचा नकाशा काढण्याचा. गावात काय नाही याची यादी करण्याऐवजी काय आहे याची यादी करा, ही पद्धत अमेरिकेतील जॉन क्रेट्झमन व जॉन मॅकनाइट यांनी १९९३ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. आपल्याला त्यासाठी एक मोठा कागद, पेन्सिल आणि रविवारची दुपार पुरे.

नकाशा असा काढा

१) आधी माणूस. कागदाच्या मध्यभागी त्या व्यक्तीचे नाव लिहा. तिला काय आवडते, काय जमते, दिवसाच्या कोणत्या वेळी ती ताजीतवानी असते, हे तिलाच विचारा. बोलता येत नसेल तर चित्रे दाखवा, तिच्या चेहऱ्याकडे पाहा. "त्याला काय कळतंय" हे वाक्य त्या दिवसापुरते तरी बंद ठेवा.

२) मग जागा. घरापासून पायी किंवा रिक्षाने जाता येतील अशा, रोज तीच तीच माणसे जमतात त्या सर्व जागा लिहा. वाचनालय, दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, भजनी मंडळ, बचत गट, रोपवाटिका, गणेश मंडळ, शाळेचे मैदान. छोट्या गावातही अशा दहा-पंधरा जागा सहज निघतात.

३) प्रत्येक जागेपुढे एक ओळखीचा माणूस लिहा. संस्थेला पत्र लिहून जे होत नाही, ते ओळखीने होते.

४) अडथळे लिहा. पायरी, स्वच्छतागृह, बसची वेळ. उताराचा साधा नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार पुरतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. ती कुठे खर्च झाली, हे ग्रामसभेत जरूर विचारा.

५) शेवटी एकच जागा, एकच काम आणि ठरलेली वेळ निवडा. आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास. किमान तीन महिने ते सोडू नका.

माझ्या ओळखीचा, बौद्धिक अक्षमता असलेला एक तरुण वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रे काठ्यांना लावतो. सुरुवातीला त्याच्या काठ्या चुकत. मग ग्रंथपालांनी प्रत्येक काठीला वेगळ्या रंगाची फीत बांधली आणि चुका थांबल्या. आता तो दोन दिवस आला नाही, तर पेपर वाचायला येणारे निवृत्त गृहस्थ घरी चौकशीला येतात. "आमच्यामागे याचे कसे होणार?" हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांच्या मनात असतो. त्याच्या उत्तराची सुरुवात अशा चौकशीला येणाऱ्या माणसांपासून होते.

ही काळजी घ्या

फिट येत असेल तर ते लपवू नका. त्या जागेच्या लोकांना नीट सांगा, की फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि पाच मिनिटांत फिट न थांबल्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. रोजच्या गोळ्या चुकवू नका. कोणाही एका व्यक्तीबरोबर बंद खोलीत एकटे सोडू नका. नवीन ठिकाणी जायला अचानक नकार दिला, तर हट्ट म्हणून दटावू नका, कारण शोधा. आणि नियमित काम असेल तर त्याचा मोबदला मागा. दिव्यांगाचे काम म्हणजे फुकटची सेवा नव्हे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बौद्धिक अक्षमता, आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेले मूल अठरा वर्षांचे झाले, की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. आईवडील हिंडते-फिरते असतानाच हे काम उरकावे.

ज्यांच्या घरी दिव्यांग कोणी नाही, त्यांनाही यात काम आहे. आपले दुकान, मंडळ किंवा वाचनालय शेजाऱ्याच्या नकाशावर यायचे असेल, तर आपणच पुढे होऊन म्हणावे, "मंगळवारी त्याला आमच्याकडे पाठवा, मी आहे." या वाक्याला शासकीय मंजुरी लागत नाही.