एका गावी दोन भाषा, एका कामाला दोन वह्या
१९५६ साली बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला, तेव्हापासून आमच्या मंठाळात घरी मराठी, कचेरीत कन्नड. माझ्या कामातही असाच जोड आहे: टीम गिटवर, कंपनीची जुनी नोंद सबव्हर्जनमध्ये.

गिटमधल्या विलीनीकरणाला दोन पालक असतात. सबव्हर्जनचा इतिहास मात्र एकेरी. त्यामुळे ‘गिट-एसव्हीएन’ पहिल्या पालकाच्या ओळीत मागे जाऊन पत्ता ठरवतं. ट्रंकमध्ये शाखा मिसळताना ‘फास्ट-फॉरवर्ड’ झालं, तर ट्रंकचं काम शाखेच्या पत्त्यावर जातं. तिथं गेलेली नोंद पुसता येत नाही, उलटी नोंद करावी लागते.

म्हणून मिसळताना ‘नो-एफएफ’ लावा आणि ‘डीकमिट’आधी ‘ड्राय-रन’ करून पत्ता वाचा. ट्रंकवर एकच नोंद दिसेल, बारीक तपशील शाखेत राहील. दुभाष्यानंही आधी विचारावं: निरोप कुणाच्या घरचा?