बाल्कनीतील छत्रीला आकाश किती हवे?

मुंबईतील उंच इमारतींच्या दाटीत एखाद्या सदनिकेला उपग्रहावरून थेट परदेशी वाहिन्या मिळतील की नाही, हे छत्रीच्या किमतीपेक्षा दक्षिणेच्या मोकळ्या आकाशावर ठरते. हे उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, आपल्याला स्थिर भासतील असे फिरतात. साहजिकच केवळ उत्तरेकडे उघडणारी बाल्कनी निरुपयोगी ठरते.

१९९१ मध्ये स्टार टीव्हीचे प्रक्षेपण १०५.५ अंश पूर्व या स्थानावरील उपग्रहावरून सुरू झाले. मुंबईतून ते स्थान आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर येते. त्या दिशेची इमारत छत्रीपेक्षा ३० मीटर उंच असेल, तर ती २८ मीटरांहून दूर हवी.

याची परीक्षा सूर्यही घेतो. मार्चच्या मध्यास आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी दहा ते साडेदहाच्या दरम्यान तो याच बिंदूजवळ असतो. तेव्हा छत्रीच्या जागी ऊन पडले, तर मार्ग मोकळा समजावा. सावली असल्यास गच्ची गाठावी. तेथे गृहनिर्माण संस्थेच्या संमतीने एकच सामायिक छत्री बसवून केबलद्वारे घरोघरी संदेश पोहोचवता येतो.