वर्गणीची पावती आणि अनुदानाचा दरवाजा

एप्रिल उजाडला की वस्तीवस्तीत पावती पुस्तके बाहेर निघतात. निळ्या झेंड्याखाली तरुण पोरे घरोघर फिरतात, रोजंदारी करणारी माउलीसुद्धा पदराची गाठ सोडून पन्नासची नोट काढून देते. जयंती धूमधडाक्यात होते. पण पंधरा एप्रिलला ते पावती पुस्तक कुठे जाते? किती जमले, किती खर्च झाले, किती उरले, हे वस्तीला कोण सांगते? आम्ही हा प्रश्न कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यासाठी विचारत नाही. आमचे बहुतेक कार्यकर्ते पदरमोड करणारे आहेत, हे आम्ही जाणतो. तरीही आम्ही हा प्रश्न विचारतो, कारण अनुदानाचा दरवाजा याच पावती पुस्तकापाशी उघडतो किंवा बंद होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्यातील एका गावचे कार्यकर्ते आमच्याकडे आले. म्हणाले, "वकीलसाहेब, विहारात तीस-पस्तीस पोरं-पोरी अभ्यासाला बसतात. पत्र्याचं छप्पर, दोन ट्यूबलाइट. पोलीस भरतीची, तलाठ्याची पुस्तकं आणायची तर पैसे नाहीत. मुलींसाठी संडास नाही, म्हणून त्या संध्याकाळी सातलाच उठून घरी जातात. जवळच्या एमआयडीसीतली कंपनी समाजकार्याला पैसे देते म्हणतात. आपल्याला मिळतील का?"

आम्ही अर्ज लिहून दिला. कंपनीने नकार दिला नाही, फक्त कागद मागितले: संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांची आजची यादी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकर खात्याची नोंदणी आणि कार्यकारिणीचा ठराव. नोंदणी प्रमाणपत्र एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या पेटीत सापडले. बाकी काही नव्हते. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढला, तर नोंदीवर सात विश्वस्त. त्यातील चार वारलेले, एक मुलाकडे मुंबईला, आणि उरलेल्या दोघांचे एकमेकांशी बोलणे बंद! लेखापरीक्षण अकरा वर्षे झालेले नाही. जे विहार रोज चालवत होते, ज्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या, ते कायद्याच्या लेखी त्या संस्थेचे कुणीच नव्हते. त्या वर्षीचा पैसा दुसऱ्या एका संस्थेला गेला.

पोरे संतापली. "आपल्याला जातीमुळे डावललं," म्हणाली. जात कुठेच आड येत नाही असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. वकिलीच्या इतक्या वर्षांत आम्ही ती कचेरीच्या टेबलावर बसलेली पाहिली आहे. पण त्या दिवशी डावलण्याचे निमित्त आम्हीच आमच्या हाताने दिले होते. हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काही बांधव म्हणतात, अनुदान म्हणजे भीक, चळवळीने भीक का मागावी? त्यांनी इतिहास पाहावा. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवून. सभेला अध्यक्ष होते, सीताराम नामदेव शिवतरकर हे चिटणीस होते, खजिनदार होते. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले आणि त्यासाठी सोलापूर नगरपालिकेचे दरमहा ४० रुपयांचे अनुदान घेतले. बाबासाहेबांना त्यात कमीपणा वाटला नाही. नगरपालिकेच्या तिजोरीत अस्पृश्याच्याही कराचा पैसा होता. आपल्या हक्काचा पैसा रीतसर मागणे ही भीक नव्हे. मात्र मागणारा नोंदणी, ठराव आणि हिशेब घेऊन उभा होता, हे विसरून चालणार नाही.

आता हा हक्काचा पैसा आहे तरी कुठे? आम्ही गावापासून सुरुवात करतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचे असतात. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारले की गेल्या वर्षी हे १५ टक्के किती रुपये झाले आणि कशावर गेले? सरपंच सांगत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. त्यानंतर जिल्हा परिषदेमार्फत राबवली जाणारी अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना, जिला जुने लोक अजून दलित वस्ती सुधार म्हणतात. तिचा पैसा संस्थेच्या हाती येत नाही, काम ग्रामपंचायतीमार्फत होते. म्हणून संस्थेचे काम ग्रामसभेत ठराव मांडून आपल्या वस्तीचे नाव आराखड्यात घालण्याचे आहे. ग्रामसभेला आपली माणसे गैरहजर राहतात आणि नंतर रस्ता भलत्याच आळीत झाला म्हणून ओरडतात!

त्यावरची पायरी खासदार निधीची. प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, आणि त्यातील किमान १५ टक्के रकमेची कामे अनुसूचित जातींची वस्ती असलेल्या भागात सुचवावीत असे मार्गदर्शक सूचना सांगतात. हिशेब करा, वर्षाला ७५ लाख रुपये. पण त्याच सूचना असेही सांगतात की धार्मिक स्थळाच्या आवारात किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर हे काम करता येत नाही. म्हणजे विहारासाठी मागाल तर अर्ज पहिल्याच टेबलावर पडेल. सार्वजनिक जागेवरच्या अभ्यासिकेसाठी मागाल, तर तो अर्ज पुढे सरकण्याची वाट तरी मोकळी राहते.

ग्रंथालयांसाठी महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार राज्य शासन अनुदान देते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही वाचनालयांना ग्रंथांसाठी साहाय्य करते. आमच्या कित्येक विहारांत बाबासाहेबांचे सगळे खंड कपाटात आहेत, पण ग्रंथांची नोंदवही नाही, देवघेवीचे रजिस्टर नाही. ज्या वाचनालयाचा वाचक कागदावर नाही, त्याला शासनाच्या लेखी वाचकच नाही.

मग कंपन्या. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनकारक केले. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आहे, तसेच सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांना भोगावी लागणारी विषमता कमी करण्याचे कामही आहे. शिवाय कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कलम १३५ सांगते. म्हणजे ज्या एमआयडीसीच्या धुरात आपली वस्ती राहते, तिच्यापुढे हे कलम ठेवून बोलण्याची सोय कायद्यानेच केली आहे. मात्र १ एप्रिल २०२१ पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेला केंद्राच्या कंपनी कार्य मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, आणि त्याआधी आयकर खात्याची नोंदणी हवी. ही आयकराची नोंदणीही २०२१ पासून कायमची राहिलेली नाही, मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. "आमचं बारा-ए, ऐंशी-जी जुनंच आहे" म्हणून जुने प्रमाणपत्र दाखवणाऱ्यांनी त्यावरची तारीख आज रात्रीच पाहावी.

इथे वकील म्हणून एक गोष्ट आम्हाला ठासून सांगावयाची आहे, कारण ती आमच्या अनेक संस्थांना नडली आहे. संस्थेच्या घटनेतील उद्देश वाचा. "बौद्ध समाजाच्या कल्याणासाठी" एवढेच लिहिले असेल, तर संस्था एका धर्मसमुदायापुरती ठरते आणि देणगीदाराला करसवलत देणारे ८०-जी प्रमाणपत्र अडते. पण १९६१ च्या आयकर कायद्यानेच ८०-जी कलमाखाली असा खुलासा केला की अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग किंवा स्त्रिया व बालके यांच्या हितासाठी स्थापन झालेली संस्था एका जातीपुरती किंवा धर्मापुरती मानली जाणार नाही. दोन शब्दांचा फरक, पण एकाने दार बंद होते आणि दुसऱ्याने उघडते! म्हणून आमचा सल्ला असा की वंदना, धम्मदेसना, वर्षावास ही विहाराची कामे विहार समितीकडेच राहू द्यावीत आणि ती समाजाच्या दानावर चालावीत. अभ्यासिका, वाचनालय, वसतिगृह यांसाठी वेगळी संस्था नोंदवावी, तिचे बँक खाते वेगळे, हिशेब वेगळे. यात धम्म लपवण्याचा प्रश्न नाही. कुठला पैसा कुठल्या कामाचा, हे स्पष्ट ठेवण्याचा प्रश्न आहे.

परदेशातील बांधवांबद्दलही गैरसमज फार आहेत. अमेरिका-इंग्लंडमधील आपला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, मग तो कितीही कट्टर जयभीमवाला असो. त्यासाठी २०१० च्या परकीय देणगी कायद्याखालची परवानगी लागते, आणि नोंदणीसाठी साधारणतः तीन वर्षांचे काम व त्यावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने अशी आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवणेही बंद झाले. पासपोर्ट न विचारता खात्यावर पैसे घेणारा कार्यकर्ता चांगल्या मनाने गुन्ह्यात सापडू शकतो.

आणखी एक सावधगिरी. अनुदान मंजूर करून आणतो म्हणून तालुक्याच्या ठिकाणी दलाल फिरतात. वीस टक्के आधी, दहा टक्के नंतर! त्यातले काही आपल्याच गळ्यात निळा दुपट्टा घालून येतात. अशाला टक्केवारी दिली की खोटी बिले जोडावी लागतात आणि खोट्या बिलावर सही दलालाची नसते, अध्यक्ष आणि खजिनदाराची असते. चौकशी आली की दलाल गायब आणि आपला साधाभोळा खजिनदार पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर. अशी प्रकरणे आम्ही कोर्टात पाहिली आहेत. ज्या अनुदानासाठी आधी पैसे मोजावे लागतात ते अनुदान नव्हे, सापळा आहे.

मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा चारशे कोटींहून अधिक निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आपण सगळे संतापलो. तो संताप रास्तच होता, आणि त्यासाठी रस्त्यावर उतरणे आपले कामच आहे. परंतु वर वळवलेल्या निधीसाठी घोषणा देणाऱ्याने, खाली आपल्या ग्रामपंचायतीत न मागता राहिलेल्या १५ टक्क्यांचा जाबही द्यावा. दोन्ही लढाया एकच आहेत.

आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचे. अनुदान हा चळवळीचा कणा होऊ शकत नाही. अनुदान आज आहे, उद्या सरकार बदलले, कंपनीचा साहेब बदलला, की बंद. अनुदानावरच जगणारी संस्था हळूहळू बोलायचे थांबते, गावात अत्याचार झाला तरी "आपला प्रस्ताव अडकला आहे" म्हणून गप्प बसते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्माच्या कामासाठी द्यावा असे सांगितले, त्यामागचा अर्थ हाच होता. शंभरातले पाच रुपये आपले असतील तरच उरलेल्यासाठी ताठ मानेने मागता येते. विसाव्या भागातून शिक्षकाचे मानधन, दिवाबत्ती आणि आपला आवाज चालावा. अनुदानातून इमारत, पुस्तके, टेबल-खुर्च्या याव्यात. अनुदान थांबले तर नवी पुस्तके थांबतील, पण अभ्यासिकेचा दिवा विझणार नाही.

त्या गावाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही सर्वांत आधी ते दोन न बोलणारे विश्वस्त एका सतरंजीवर बसवले. चहा झाला, जुनी भांडणे झाली, एक जण रडलाही. मग रीतसर सभा घेऊन रिकाम्या जागी नवे विश्वस्त घेतले, त्यात दोन महिला. कायद्याप्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. तो आम्ही दिला, आणि जुन्या वारलेल्या विश्वस्तांबाबत झालेला उशीर कारणे दाखवून माफ करून घेतला. अकरा वर्षांचे हिशेब जुळवताना आमच्या सी.ए. मित्राचे डोके फिरले, कारण निम्म्या पावत्या पावसात भिजल्या होत्या. या सगळ्याला सव्वा वर्ष लागले. अभ्यासिकेची वेगळी संस्था नोंदवली. आणि पहिला पैसा कुठून आला? कंपनीकडून नाही. माहितीच्या अधिकारात १५ टक्क्यांचा आकडा हाती आला, पोरे आणि आयाबाया ग्रामसभेला बसल्या, आणि ग्रामपंचायतीने मुलींसाठी संडास बांधून दिला. कंपनीची पुस्तके त्यानंतर दुसऱ्या वर्षी आली. आता मुली रात्री दहापर्यंत अभ्यासाला बसतात.

समाजबांधवांनो, शासनाला, कंपनीला, खासदाराला जाब विचारायचाच आहे. पण जाब विचारणाऱ्याची वही आधी स्वच्छ हवी. येत्या १४ एप्रिलला वर्गणीचे पहिले पान फाडण्यापूर्वी गेल्या वर्षीचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावा. ज्या माउलीने पन्नासची नोट दिली, तिला तो वाचून दाखवा. तिने मान डोलावली, की मग कुठल्याही कचेरीचा दरवाजा ठोठावा.

जयभीम!