पर्यावरणाचा अभ्यास आणि गावची विहीर

मध्यंतरी काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या आमच्या पाहण्यात आल्या. विषय पर्यावरणशास्त्र. वह्या नीटनेटक्या, समास आखलेले, चित्रे चिकटवलेली. ओझोनचा थर होता, दिल्लीची हवा होती, अमेझॉनचे अरण्यही होते. परंतु ज्या बोरगाव मेघेतून त्यांतील कित्येक मुले रोज ये-जा करतात तेथील विहीर, नाला किंवा शेत एकाही वहीत नव्हते. दोष मुलांचा म्हणवत नाही. हा विषय त्यांच्या पदरात ज्या रीतीने टाकला जातो त्या रीतीचा तो आहे.

वास्तविक मूळ योजना चांगली होती. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर पर्यावरण हा आवश्यक विषय करण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एकच अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरूचा यांनी लिहिले. लेखी परीक्षेला ७५ आणि प्रत्यक्ष फिरून करावयाच्या कामाला २५ गुण, अशी वाटणी होती. पण ज्या प्राध्यापकाच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात हा विषय बांधावयाचा, असाच प्रकार आम्ही अधिक पाहिला. सर्वांचा विषय तो कोणाचाच नाही, अशी त्याची गत झाली.

आता बोरगावची एखादी विहीर घ्या. सावंगी, सिंदी, पिपरी, बोरगाव ही 'मेघे' नाव मिरवणारी गावे वर्ध्याच्या अंगाला चिकटलेली. कालपर्यंत जेथे कापूस होता तेथे आज प्लॉट पडले आहेत. वरची काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक, अशी येथील जमिनीची साधारण रचना. हा खडक सच्छिद्र नव्हे. पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरते. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि पन्नास पावलांवरची कोरडी राहते. हे भूगर्भशास्त्र झाले.

त्याच पाण्यात साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. रसायनाचा विद्यार्थी सांगेल की हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. शेजारी शौचालयाची टाकी झिरपत असेल, किंवा वरच्या शेतात युरिया पडत असेल, तर पाण्यात नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडील मर्यादा. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, पाणी उकळले तरी जात नाही. अगदी तान्ह्या बाळाला मात्र बाधते. येथे वैद्यक येऊन ठेपले.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला काय काम, असे विचाराल. त्याला हिशेब करू द्या. वर्धा जिल्ह्यात वर्षाला ढोबळमानाने एक मीटर पाऊस पडतो, बहुतेक सारा जून ते सप्टेंबरात. शंभर चौरस मीटरच्या छपरावर म्हणजे एक लाख लिटर पाणी येते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ८०,००० लिटर उरते. पाच माणसांच्या घराला रोज ५०० लिटर लागत असेल तर १६० दिवसांची बेगमी झाली. पण एवढे साठवावयाचे कशात? ८०,००० लिटरची टाकी सामान्य गृहस्थाला परवडणार नाही. मग ते गाळून विहिरीत सोडावे. सोडले, आणि शेजाऱ्याने खोल बोअर मारून ओढून घेतले तर?

येथे कायद्याचा विद्यार्थी पुढे येतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याची दृष्टी अशी की आपल्या जमिनीखालचे पाणी ज्याचे त्याने खुशाल काढावे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम, जो २०१४ पासून लागू झाला, त्याने भूजलाच्या उपशावर नियमन आणू पाहिले. पाणी मात्र सातबारा पाहून वाहत नाही.

आणि इतिहास? विहिरीवर कोणी पाणी भरावे आणि कोणी दूर उभे राहावे, हा प्रश्न काय पर्यावरणाबाहेरचा आहे? १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, त्याच काळी विहिरींचाही प्रश्न उभा होता. पाण्याचे परीक्षण करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याचे ज्ञान अर्धेच राहील.

गंमत अशी की या मिश्र दृष्टीचा एक थोर पुरुष वर्ध्यातच राहिला. जे. सी. कुमारप्पा व्यवसायाने हिशेबनीस. लंडनमध्ये शिकलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र केलेले. मगनवाडीत बसून त्यांनी तेलाची घाणी, खत, माती यांचा विचार केला. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे साठ्यातले धन, वने आणि नद्या म्हणजे वाहते धन. साठा खाऊन जगणारा व्यवहार टिकावयाचा नाही, हे त्यांनी १९४५ मध्येच आपल्या ग्रंथात मांडले. हिशेबनिसाला मुद्दल आणि व्याज यांतला फरक शिकवावा लागत नाही! ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून सर्व विषय शिकवण्याची कल्पना मांडली होती. तेथे सूत कातता कातता गणित आणि भूगोल यावयाचा. येथे विहीर मोजता मोजता यावा, एवढाच फरक.

खर्च म्हणाल तर फारसा नाही. एक दोर, त्याला एक दगड, हाताहाताच्या अंतरावर गाठी, आणि एक वही. दर पंधरा दिवसांनी त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच काठावरून पाण्याची पातळी लिहावी. वहीत घरमालकाचे नाव न घालता विहिरीला क्रमांक द्यावा, म्हणजे कोणी रागावणार नाही. कला, वाणिज्य आणि विज्ञान यांचा एकेक विद्यार्थी घेऊन तिघांची तुकडी करावी. सध्या वैशाखात पाणी सर्वांत खाली असते, तेव्हा पहिली नोंद येत्या आठवड्यातच घ्यावी. मृगाचा पाऊस पडला की ती संधी वर्षभर गेली.