खाटेवरची शाळा

1950 साली औरंगाबादजवळच्या चितेगावातल्या एखाद्या सात वर्षांच्या मुलाच्या पाठीला पोक येऊ लागलं आणि तो मणक्याचा क्षय निघाला, तर पुढचं वर्ष-दीड वर्ष त्याला आडवंच काढावं लागे. औरंगाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. आज ज्याला सगळा मराठवाडा घाटी म्हणून ओळखतो, ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये सुरू झालं. मुंबई गाठायची तर छोट्या रुळांच्या गाडीनं मनमाड आणि तिथून गाडी बदलून पुढे. पेरणीच्या दिवसांत आईबाप तिथं किती दिवस थांबणार? मूल वॉर्डात एकटं राहायचं आणि शाळा सुटायची ती सुटायचीच.

इतका काळ झोपवून ठेवण्यामागं कारण होतं. क्षयानं पोखरलेल्या मणक्यावर शरीराचा भार पडला की तो आणखी खचतो. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 मधला आणि आयसोनियाझिड वापरात आलं 1952 मध्ये. तोवर डॉक्टरांच्या हातात मुख्य उपाय एकच, दुखऱ्या हाडाला पूर्ण विश्रांती. म्हणून मुलाला प्लॅस्टरच्या साच्यात किंवा लोखंडी चौकटीवर कापड ताणून त्यावर निजवायचे. पोलिओचं वेगळं होतं. ताप उतरल्यावर लुळे पडलेले स्नायू आखडू नयेत म्हणून शेक, पट्ट्या आणि व्यायाम महिनोन् महिने चाले, मग कॅलिपर घालून चालायला शिकवत. मुंबईत या मुलांसाठी फातेमा इस्माईल यांनी 1947 मध्ये दवाखाना सुरू केला. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. उपचारासाठी वणवण करताना इतर आईबापांचे काय हाल होतात, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्या कामातूनच पुढे हाजी अलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं.

अशा वॉर्डात शिकवण्याची रीत इंग्लंडमध्ये आधीच बसलेली होती. हॅम्पशायरमधल्या आल्टन इथं 1908 मध्ये विल्यम ट्रेलोर यांनी हाडांच्या क्षयाच्या मुलांसाठी रुग्णालय काढलं, तेव्हा मोठ्या मुलांना हस्तव्यवसाय शिकवणारी संस्थाही त्याच्या जोडीला काढली. मुलांच्या खाटा व्हरांड्यात, उन्हात ओढून नेत आणि धडे तिथंच होत.

खाटेवर निजलेल्या मुलाला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

शिकवायला येणाऱ्या बाईंचा पहिला प्रश्न ‘तू कितवीत आहेस?’ हा नसतो. त्या आधी सिस्टरला विचारतात, याला काय काय हलवायची परवानगी आहे? उताण्या मुलाला पुस्तक छातीवर धरता येत नाही, दोन मिनिटांत हात भरून येतात. म्हणून खाटेच्या वर आडवी चौकट बांधून तिला पुस्तक लटकवायचं, किंवा भिंतीवरचा तक्ता दिसेल असा आरसा टांगायचा. मात्र आरशात अक्षरं उलटी दिसतात, त्यामुळे तो चित्रांना चालतो, वाचनाला नाही. पालथ्या मुलाचं सोपं असतं, पाटी खाटेच्या कडेखाली ठेवली की हात मोकळे राहतात. उताण्यानं पेन वापरलं की शाई टोकापर्यंत पोचत नाही. तिथं पाटी-पेन्सिल किंवा शिसपेन्सिल हवी, आणि ती खाटेला दोऱ्यानं बांधलेली हवी. खाली पडली तर उचलणार कोण? प्रत्येक वेळी मावशींना हाक मारावी लागली, तर मूल लवकरच लिहिणं सोडून देतं.

दुसरी गोष्ट वेळेची. वॉर्डाचं वेळापत्रक शाळेसाठी थांबत नाही. सकाळी ताप-नाडी, अंग पुसणं, मग डॉक्टरांचा राऊंड, ड्रेसिंग, व्यायाम, जेवण आणि सक्तीची झोप. या सगळ्यातून हाताशी उरतो तो दिवसाचा तुकड्या-तुकड्यांतला तास-दीड तास. धडा वीस मिनिटांत संपेल असा बेतायचा आणि मध्येच तोडावा लागला तर कुठून जोडायचा हे वहीत लिहून ठेवायचं. ड्रेसिंगनंतर लगेच गणित घेऊ नये. दुखत असलेलं मूल बेरीज चुकतं आणि आपल्याला काही येत नाही अशी समजूत करून घेतं, ती पुढे फार चिवट ठरते.

वॉर्डात पाच वर्षांचं मूल आणि बारा वर्षांची मुलगी शेजारी शेजारी असतात. खेड्यातली एकशिक्षकी शाळा अशीच चालते आणि तिचीच युक्ती इथं उपयोगी पडते: एकाला लिहायला लावायचं, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, तिसऱ्यानं चौथ्याला पाढे म्हणून दाखवायचे. खाट हलत नसली तरी आवाज शेजारच्या खाटेपर्यंत पोचतो.

मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग विज्ञानाचा वाटतो. पाय ताणून ठेवण्यासाठी त्याला वजन लावलंय ते दोरी कप्पीवरून नेऊन. ती कप्पी दिशा कशी बदलते, हे त्या मुलाइतकं कुणाला कळणार? प्लॅस्टर ओलं करून गुंडाळताना ते ऊन का लागतं? जिप्समची ती भुकटी पाणी पुन्हा आत घेते आणि घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते. खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तापाचा तक्ता हा तर तयार आलेख. कालचा ठिपका कुठं, आजचा कुठं, हे मुलानं स्वतः वाचलं की भीती थोडी सैल होते, कारण आपल्या अंगात काय चाललंय ते त्याला आता उमगू लागलेलं असतं.

एक पथ्य मात्र कडक हवं. इंजेक्शन देताना मुलाला धरून ठेवायला बाईंनी हात लावू नये. वॉर्डात सुई न घेता येणारं माणूस एवढी ओळख टिकली, तरच शिकवणं होतं. या ओळखीला फार मोल होतं, कारण त्या काळात आईबापांच्या भेटीच्या वेळा फार तोकड्या होत्या. ब्रिटिश मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला आणि आईविना राहिलेलं मूल आतून कसं मिटत जातं ते डॉक्टरांना दाखवलं. ब्रिटनमध्ये 1959 च्या प्लॅट समितीनं भेटीवरची बंधनं काढायला सांगितलं. तोवर रोज ठरल्या वेळी येणारी शिक्षिका हाच अनेक मुलांचा नेमाचा आधार होता.

पुढे उपचारच बदलले. मद्रासच्या क्षयरोग केंद्रानं 1959 मध्ये दाखवून दिलं की फुप्फुसांच्या क्षयाचा रोगी घरी औषधं घेऊनही रुग्णालयातल्याइतकाच बरा होतो. मणक्याच्या क्षयातही बिछाना आणि प्लॅस्टर यांची सरसकट गरज नाही, हे कोरियातल्या चाचण्यांतून 1970 च्या दशकात सिद्ध झालं. नैसर्गिक पोलिओ विषाणूच्या लागणीची भारतातली शेवटची नोंद जानेवारी 2011 ची. लांबलचक वॉर्ड रिकामे झाले, आणि त्यांच्याबरोबर खाटेवर शिकवण्याचं कसबही विसरलं गेलं.

ते विसरायला नको होतं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार आजही बहुधा दोन-तीन वर्षं चालतो. थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पैठण रस्त्यावरच्या चितेगावातून त्यासाठी शहरात ये-जा करणाऱ्या मुलाचे शाळेचे किती दिवस बुडत असतील, याचा अंदाज कुणालाही येईल. अशा घरी मी एवढंच सांगेन: दवाखान्याच्या पिशवीत पाटी आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल ठेवा, वर्गशिक्षकांकडून आठवड्याचा अभ्यास लिहून आणा, रक्त चढत असताना सलाईनचा हात सोडून दुसऱ्या हातानं जमेल तेवढंच करू द्या. आणि शाळा पूर्ण सुटली असेल, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम मुख्याध्यापकांपुढं ठेवा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश आणि मागं राहिलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण, दोन्ही त्यात लिहिलेलं आहे. वय चौदाच्या पुढं गेलं, तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते मोफतच द्यावं लागतं.